आबांची लेन्स, आईचा दोरा

बाहेरच्या खोलीत आबांचा, माझ्या वडिलांचा फोटो आहे. काळा कोट, जाड काचांचा चष्मा, आणि मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा इतका स्वच्छ. तो त्यांनी स्वतःच्याच स्टुडिओत, स्वतःच्याच लेन्सनं काढून घेतला होता. म्हणजे खुर्चीत ते बसले आणि बटण आईनं दाबलं. आबा जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांच्या बाराव्यालाच आईनं फोटोशेजारी अजून एक खिळा ठोकून घेतला आणि तो कशासाठी आहे हे तिनं कुणापासून लपवलं नाही.

"माझा फोटू ह्याच काचंनं काढायचा," ती मला म्हणाली होती. "आत्ताच सांगून ठेवतो. न्हायतर मी मेल्यावर आधारकार्डावरचा मोठा करून लावशीला. त्यात मी कोंबडी चोरताना घावलेल्या बाईगत दिसतोय."

आलेल्या-गेलेल्याला ती हे ऐकवायची आणि माणसं पोट धरून हसायची. मीही हसायचो. पुढं हा विनोद माझ्या मानगुटीवर बसणार आहे हे तेव्हा कुठं ठाऊक होतं!

आबांचा स्टुडिओ कोल्हापुरात गंगावेशीजवळ होता. एक लांबट खोली, दोन दिवे, मागं रंगवलेला पडदा आणि एक लाकडी खुर्ची. लेन्स रशियन बनावटीची, अठ्ठावन्न मिलिमीटरची. मुठीत मावायची, पण चांगली जड. आपोआप फोकस होण्याचे लाड तिच्यात नाहीत. रिंग हातानं फिरवायची, समोरचा माणूस काचेत स्वच्छ दिसला की थांबायचं. त्या रिंगेवर आबांनी कानशीनं तीन खाचा मारून ठेवल्या होत्या. एवढ्या देखण्या वस्तूवर अशी कानस चालवलेली बघून मला लहानपणापासून राग यायचा. मी एकदा विचारलंही होतं. "पकड मिळती," एवढंच ते म्हणाले.

आमच्या स्टुडिओची दुसरी ओळख म्हणजे आईचा दोरा. कॅमेऱ्याच्या तीन पायांच्या तिकाटण्याला एक काळा दोरा बांधलेला असायचा. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की आई पुढं यायची, शर्टाची कॉलर नीट करायची, बाईमाणूस असेल तर पदर सारखा करायची, आणि जाता जाता त्या दोऱ्याचं टोक ताणून त्या माणसाच्या कानशिलाला, डोळ्याच्या अगदी बाजूला टेकवायची. "पावणं, जरा म्होरं सरका. हां. आता हलू नगासा." मग दोरा सोडून ती बाजूला व्हायची आणि आबा बटण दाबायचे.

लोक समजायचे, ही दृष्ट काढते. फोटोत चेहरा अडकला की दृष्ट लागते असं म्हणणारी माणसं तेव्हा पुष्कळ होती. त्यांना ही सोय फार आवडायची. राधानगरीकडची एक बाई तर कडेवर रडकं पोर घेऊन आली आणि म्हणाली, फोटो नको, नुसता दोरा लावा. आईनं तोंड गंभीर करून लावला. पोर गप्प झालं, ती बाई आईच्या पाया पडून गेली. आबा आत जाऊन तोंडात रुमाल कोंबून हसत होते. मी शाळेत सायन्सचे धडे पाठ करणारा मुलगा, मला त्या दोऱ्याची शरम वाटायची. मित्रांना मी सांगायचो की आमची आई जरा जुन्या वळणाची आहे.

फोटोचं काम मी पुढं चालवलं नाही. शिरोलीच्या एका फौंड्रीत मी कास्टिंग तपासतो, सत्तावीस वर्षं झाली. आलेला प्रत्येक नग हातात घ्यायचा, व्हर्निअर लावायचा, मायक्रोमीटर लावायचा, बसला तर पुढं, नाही तर परत. "ह्यांच्या डोळ्यातून केस निसटत नाही" असं पोरं माझ्याबद्दल बोलायची आणि मला ते ऐकायला बरं वाटायचं.

तीन वर्षांपूर्वी मी हौसेनं एक जुना डिजिटल एसएलआर घेतला. त्याच्याबरोबर आलेली प्लॅस्टिकची लेन्स मला आवडली नाही. स्टुडिओच्या सामानातून आबांची लेन्स काढली, तर ती नव्या कॅमेऱ्यावर बसेना. हिचा पेच वेगळा, त्याचं तोंड वेगळं. मधे एक रिंग लागते. ती ऑनलाइन मिळते, पण कोल्हापूरच्या माणसानं रिंग बाहेरून मागवायची म्हणजे उद्यमनगराचा अपमान. तिथं तुम्ही कागदावर काहीही काढून न्या, लेथवाला ते धातूत उतरवून देतो. मी पितळेची रिंग करून घेतली. जाडी जरा कमी-जास्त झाली तर लेन्सवरच्या आकड्यांची सगळी मापं खोटी ठरतात, म्हणून मी स्वतः मायक्रोमीटर घेऊन लेथपाशी उभा राहिलो. दोनदा परत फेस मारायला, म्हणजे तोंड घासून सपाट करायला लावलं. "साहेब, तोफंची नळी करतोय का काय?" लेथवाला वैतागून म्हणाला. पण रिंग अशी झाली की तिच्यात केसाएवढी खोट नव्हती. आज वाटतं, असती तर बरं झालं असतं. रिंगेवर दोष ढकलता आला असता.

पहिली दोन वर्षं मजेत गेली. रंकाळ्यावर जायचो, पन्हाळ्यावर जायचो, भिजलेल्या तटबंदीचे फोटो काढायचो. त्या लेन्समधून येणारे रंग जरा उतरलेले, कडा मऊ, धुण्यात मुरलेल्या धोतरासारख्या. आई फोटो बघून म्हणायची, "ह्यात तुझ्या बाचा हात दिसतोय." आणि लगेच, "माझा कवा काढतोस?" मी म्हणायचो, काढू की, पळून चाललीस काय. चांगला उजेड येऊ दे. थंडी येऊ दे. तुझी नवी साडी येऊ दे.

मग माझ्या उजव्या डोळ्यात ती भानगड सुरू झाली. बघायला जावं तिथं मधोमध एक धुरकट ठिपका. कडेचं दिसतं, मधलं पुसतं. व्हर्निअरच्या सरळ रेघा मधे वाकड्या दिसायला लागल्या. मी डावा डोळा वापरायला लागलो, नग उजेडाकडं धरायला लागलो, पोरांना म्हणायला लागलो की आकडा मोठ्यानं वाच, तुलाही शिकायला पाहिजे. डॉक्टरकडं गेलो नाही. तपासणीच्या माणसाचा डोळा गेला तर त्याचं उरतं काय? बायकोलाही सांगितलं नाही. भीती वाटत होती, हेच खरं.

गेल्या भाद्रपदात आईचा दम वाढला. दोन खोल्या चालली तरी भिंतीला धरून उभी राहायची. हृदय मोठं झालंय, असं डॉक्टर म्हणाले, आणि फार काही करू नका अशा अर्थाचं काहीतरी पुढं पुटपुटले. त्याच आठवड्यात आईनं हिरवी इरकल काढली, केस विंचरले, आणि रविवारी सकाळी आबांच्या स्टुडिओतली ती लाकडी खुर्ची स्वतःच ओढत गॅलरीकडं निघाली.

"आज काढायचा," ती म्हणाली. "मला आता थंडीबिंडी दिसत न्हाय."

बाहेर झड लागली होती. उजेड राखेच्या रंगाचा. मी कॅमेरा तिकाटण्यावर चढवला, लेन्सचं तोंड पुरतं उघडलं. इतकं उघडलं की चार बोटांएवढ्याच पट्ट्यात सगळं स्वच्छ येतं, त्याच्या पुढचं-मागचं मऊ होतं. म्हणजे डोळ्यावर फोकस बसला पाहिजे. जरा पुढं सरकला की चेहरा गेला. जुन्या कॅमेऱ्यात त्यासाठी मधोमध दुभंगलेली काच असायची. चेहरा दोन तुकड्यांत दिसायचा, रिंग फिरवून तुकडे जुळवले की झालं. आजच्या कॅमेऱ्यात ती काच नसते, कारण फोकस कॅमेराच करतो, आणि बसला की टिक करून सांगतो. माझी रिंग उद्यमनगरची. ती कॅमेऱ्याशी बोलत नाही.

मी डोळा लावला. आईच्या चेहऱ्याच्या जागी धुकं होतं.

डावा डोळा लावून बघितला. सवय नाही; नाक कॅमेऱ्यात घुसायला लागलं. रिंग इकडं फिरवली, तिकडं फिरवली. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर चित्र मोठं करून बघता आलं असतं, पण त्यासाठी वाचायचा चष्मा आणावा लागला असता, आणि आईसमोर मला ते नको होतं. ती माझ्याकडं टक लावून बघत होती. उजवी मूठ मांडीवर मिटलेली.

"दोरा लावूया की," ती म्हणाली.

"कसला दोरा? तुला आता कुणाची दृष्ट लागायची राहिलीय?"

"लावूया तरी. तुझा बा लावून घ्यायचा."

"आबांच्या गिऱ्हाइकांना खुळ्यात काढलं तेवढं पुरं झालं, आई."

मी परत रिंगेशी झटापट सुरू केली. थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, "घाम का पुसालाईस? एवढा गारठा हाय की." आणि मग, "तुझा बा बी असाच पुसायचा."

माझं डोकं फिरलं. "तू जरा गप बस! बोललीस की तोंड हलतं."

मी अंदाजानं रिंग फिरवत चाळीस फोटो काढले. ती चाळीसच्या चाळीस वेळा हलली नाही.

दुपारी ते कॉम्प्युटरवर मोठे करून बघितले. पडद्याला नाक लावून, डाव्या डोळ्यानं. एकाही फोटोत डोळा नव्हता. सगळीकडं चेहरा वाफेतून बघितल्यासारखा. चाळीस म्हाताऱ्या बायका, आणि त्यांतली एकही नक्की माझी आई आहे असं शपथेवर सांगता आलं नसतं. मी कॉम्प्युटर बंद केला आणि त्यातला एक फोटो मोबाइलवर घेतला. बारक्या पडद्यावर पुसटपणा झाकला जातो, हे मला माहीत होतं.

आईनं मोबाइल हातात घेतला. हात लांब करून, डोळे बारीक करून खूप वेळ बघितला.

"डोळ्यातला दिवा आलाय न्हवं?" तिनं विचारलं. आबा तसं म्हणायचे. फोटोत डोळ्याच्या बुबुळावर उजेडाचा ठिपका दिसला पाहिजे, त्याशिवाय माणूस जिवंत वाटत नाही.

"आलाय की," मी म्हणालो.

"झ्याक काढलास. राणीगत दिसतोय मी."

मला सुटल्यासारखं वाटलं. असं वाटलं याची लाज मला आजही वाटते. पण तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं की परत काढायचा. तसली दुभंगलेली काच डिजिटल कॅमेऱ्यासाठीही मिळते असं इंटरनेटवर सापडलं. परदेशातून येणार होती, तीन आठवडे लागणार होते. ती आली की आईला सांगू, अगं, वेगळ्या साडीत एक काढू. तिला कळणारही नाही. चष्मा घालून, पडद्यावर मोठं करून त्याच संध्याकाळीही काढता आला असता. मी काचेची वाट बघत बसलो.

सतराव्या दिवशी सकाळी चहाची बशी हातात असतानाच आई गेली.

काचेचं पार्सल सुतकात आलं, पाचव्या दिवशी. मी सही करून ते घेतलं आणि कपाटात टाकलं. बाराव्यासाठी फोटो पाहिजे होता. मी चाळीसातला एक पेनड्राइव्हवर घेऊन कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडं गेलो आणि दारातूनच परत फिरलो. एवढा मोठा केला तर लोक विचारणार, हा कुणी काढला? घरी येऊन आधारकार्ड शोधलं आणि परत गेलो.

तर आबांच्या शेजारच्या खिळ्यावर तोच फोटो लागला. कोंबडी चोरताना घावलेल्या बाईचा. बाराव्याला आलेली माणसं फुलं वाहत होती, फोटोकडं बघत होती. त्यातल्या निम्म्या जणांनी तो विनोद तिच्या तोंडून ऐकलेला होता. त्या दिवशी कुणी हसलं नाही. मी मात्र दिवसभर त्या भिंतीकडं पाठ करून बसलो.

महिन्याभरानं बायको आईचं सामान आवरत होती. आईची चंची निघाली. सुपारी, लवंगा, अडकित्ता, आणि काडेपेटीच्या काडीला गुंडाळलेला काळा दोरा. बायकोनं तो माझ्याकडं दिला. "हा तुमच्या स्टुडिओतला ना?"

मी तो केरात टाकणारच होतो. उलगडताना बोटाला गाठ लागली. मग दुसरी. मग तिसरी. टोकाला एक फास. डोळा गेला तरी माझी बोटं अजून तपासणीची आहेत. मी टेप आणला. फासापासून पहिली गाठ बरोबर सव्वा मीटरवर. दुसरी दीडवर. तिसरी दोनवर. गाठीवर गाठ मारून पक्की केलेली, मेण लावलेली. दृष्टीच्या दोऱ्याला कोण असलं माप लावतं?

मी उठून लेन्स घेतली. अंगठ्याच्या नखाला रिंगेवरच्या तिन्ही खाचा लागल्या. खाचेपाशी कुठला आकडा आहे तो मला दिसेना.

"हे जरा वाच," मी बायकोला म्हणालो.

तिनं लेन्स उजेडात धरली. "एक पूर्णांक पंचवीस. मग दीड. मग दोन." आणि थांबून, "तुम्हाला हे दिसत नाही?"

माझ्या डोळ्यांसमोर आबा उभे होते. जाड चष्मा, कपाळावर घाम. ताटातली भाजी वाटीत आहे की बाजूला हे बोटानं चाचपणारे आबा. त्यांना दिसतच नव्हतं. ते अंगठ्यानं खाच शोधायचे आणि फोकस तिथं ठेवून द्यायचे. आणि आई गिऱ्हाइकाचा डोळा दोऱ्याच्या गाठीपर्यंत आणून बसवायची. पावणं, जरा म्होरं सरका. इतकी वर्षं, इतके फोटो, त्यांतला एकही पुसट नाही. लोकांना दृष्ट वाटत होती तर वाटू दे, म्हणून तिनं वाटू दिली. मी स्वतःला हुशार समजणारा, मलाही तिनं तसंच वाटू दिलं.

मी खुर्ची गॅलरीत मांडली. दोऱ्याचा फास तिकाटण्याच्या स्क्रूला अडकवला, अंगठ्यानं शेवटची खाच लावली आणि बायकोला म्हणालो, "बस. ही शेवटची गाठ कानशिलाला धर. दोरा ताठ होईपर्यंत मागं सरक. आता सोड." व्ह्यूफाइंडरमध्ये मी बघितलंसुद्धा नाही. बटण दाबलं.

कॉम्प्युटरवर तिनंच बघितलं. "अगंबाई," ती म्हणाली, "पापण्या मोजता येतात." मग पडद्यावरून माझ्याकडं वळून ती म्हणाली, "आईंना माहीत होतं."

"काय?"

"तुम्ही मोबाइल दाखवलात ना, त्या संध्याकाळी मला म्हणाल्या, 'फोटू बिघडलाय. त्याच्या बापागत त्याचाबी डोळा चाललाय. तू काय बोलू नगंस, त्याला वाईट वाटंल. आपणहून दोरा मागंल तवा मी देतो.' मला तेव्हा दोऱ्याचं काही कळलं नाही. मला वाटलं, दम लागलाय म्हणून काहीतरी बरळताहेत."

बायको आत गेली. मी चष्मा घालून आईचे चाळीस फोटो परत उघडले. पहिल्या दुपारी मी फक्त चेहरा बघितला होता. आता पडद्यावर बोट ठेवून एकेक फोटो वरून खाली तपासत गेलो, नग तपासतो तसा. बाराव्या की तेराव्या फोटोत मी थांबलो. चेहरा तसाच वाफेत, पण माझा फोकस वीतभर पुढं, तिच्या मांडीवर पडला होता. तिथं मिटलेली मूठ होती. हातावरच्या शिरा, बांगडीचा चरा, नखातली मेंदीची कड, सगळं स्वच्छ. आणि अंगठ्याजवळून मुठीबाहेर आलेला काळा दोरा. त्याची एक गाठ इतकी स्पष्ट, की तिचे पीळ मोजता यावेत. मी मागीन म्हणून ती तो घेऊनच बसली होती. चाळीसही फोटोंत.

काल तो फोटो घेऊन मी कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडं गेलो. आधारकार्डवाला उतरवायचा आहे, त्या जागी हा पाहिजे, म्हणून सांगितलं. त्यानं पडद्यावर तो मोठा केला, माझ्याकडं बघितलं, परत फोटोकडं बघितलं.

"पावणं, आजींचा चेहरा आऊट हाय की. हात तेवढा आलाय."

"व्हय," मी म्हणालो. "मला दिसत न्हवतं."